घाटातली मॅरेथॉन: धावपटू किती घ्यायचे, हे घाटालाच ठरवू द्या

पावसाळा ओसरू लागला की सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना धावण्याच्या स्पर्धांचे फलक दिसू लागतात. पूर्वी मॅरेथॉन म्हटलं की मुंबई-पुण्याचं नाव यायचं. आता तालुक्याच्या गावातलं मित्रमंडळ, एखादी पतसंस्था, महाविद्यालय, डॉक्टरांची संघटना असं कुणीही घाटात स्पर्धा भरवायला पुढे येतं. बेळगाव, खानापूर, चंदगड, आजरा, आंबोली, दोडामार्ग, सत्तरी या पट्ट्यात तर मार्ग शोधावा लागत नाही. धुकं, हिरवळ, वळणाचा रस्ता आणि पहाटेची थंडी सगळं तयारच आहे. पणजी, हुबळी, कोल्हापूरहून लोक आदल्या रात्री येऊन मुक्काम करतील, चार खाणावळी चालतील, गावाचं नाव होईल, असा हिशेब मांडला जातो.

हा हिशेब चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. धावपटू किती घ्यायचे हा या स्पर्धांमधला सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि तो बहुतेक ठिकाणी नोंदणीचा आकडा बघून घेतला जातो. पाचशे आले तर पाचशे, दोन हजार आले तर दोन हजार. घाटाला, घाटातल्या गावांना आणि तिथल्या आरोग्यसेवेला किती पेलवेल, हे कुणी विचारत नाही.

साताऱ्याचं उदाहरण आणि त्यातला फरक

डोंगरातल्या धावेचा विषय निघाला की साताऱ्याचा दाखला दिला जातो, आणि तो योग्यच आहे. २०१२ साली सुरू झालेली सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्यावर चढते आणि तशीच परत उतरते. २०१५ साली एका डोंगरावरच्या धावेत सर्वाधिक धावपटू, म्हणून २६१८ जणांची नोंद गिनीज बुकात झाली. एका जिल्ह्याच्या गावाला या स्पर्धेने देशभरच्या धावपटूंच्या नकाशावर आणलं.

पण सातारा हे जिल्ह्याचं ठाणं आहे. स्पर्धा शहरात सुरू होते, शहरात संपते. घाट संपला की मोठी रुग्णालयं, पोलिस मुख्यालय, लॉज, पाण्याचे टँकर हाताशी असतात. चोर्ल्याच्या किंवा तिलारीच्या रस्त्यावर, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला यातलं काहीच जवळ नाही. साताऱ्याचा आकडा उचलून तो अशा ठिकाणी ठेवायचा, म्हणजे गाडा तोच आणि बैल मात्र निम्मे.

गंमत अशी की याच कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा घातलेली आहे. फुलांना किती माणसं सोसतील, याचा विचार तिथे झाला. धावेच्या मार्गाला किती माणसं सोसतील, याचाही तसाच विचार करता येतो.

चढापेक्षा उतार अवघड

आपल्याकडे कुठल्याही लांब धावेला मॅरेथॉन म्हणतात. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, गावोगावच्या स्पर्धा बहुतेक २१ किंवा १० किलोमीटरच्या असतात. सपाट रस्त्यावर २१ किलोमीटर दोन तासांत पळणारा माणूस घाटातही तेवढाच वेळ लागेल असं धरून येतो आणि फसतो. चढावर जेवढा वेळ जातो, तेवढा उतारावर परत मिळत नाही. उलट उतारावर मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत प्रत्येक पावलाचा धक्का झेलतात. त्यामुळे गोळे येणं, गुडघा दुखावणं, ओल्या रस्त्यावर पाय घसरणं हे प्रकार बहुधा परतीच्या वाटेवर होतात. तोवर आयोजकांचे निम्मे स्वयंसेवक बक्षीस समारंभाच्या तयारीला लागलेले असतात.

हृदय बंद पडण्याची भीती सगळ्यांना वाटते, पण ती घटना विरळ आहे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंची माहिती तपासली गेली. त्यात ५९ जणांचं हृदय धावताना किंवा धावल्यावर लगेच बंद पडलं. ४२ जण दगावले. अर्ध मॅरेथॉनमध्ये हे प्रमाण लाखामागे ०.२७, तर पूर्ण मॅरेथॉनमध्ये १.०१ होतं. म्हणजे पाचशे जणांच्या स्पर्धेत असं होण्याची शक्यता अगदीच कमी. मात्र याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. वाचलेल्यांच्या बाबतीत मोठा फरक पडला तो जवळच्या माणसाने ताबडतोब छाती दाबायला सुरुवात केल्यामुळे. हृदय बंद पडल्यावर मदतीविना गेलेला प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटवतो. घाटात रुग्णवाहिका पाच मिनिटांत येत नाही. तिथे उभा असलेला गावातला मुलगा किंवा मुलगी मात्र पाच सेकंदांत पोचते.

१०८ ला फोन लावला, पण लागला कुठे?

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा या तिन्ही राज्यांत रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ च आहे, पण यंत्रणा तीन वेगवेगळ्या आहेत. सीमेवरच्या गावात मोबाईल कधी शेजारच्या राज्याचा टॉवर पकडतो, हे इथल्या लोकांना नवं नाही. चोर्ला किंवा तिलारीच्या बाजूला कोसळलेल्या धावपटूसाठी लावलेला फोन कुठल्या राज्याच्या केंद्रात वाजेल, याचा भरवसा धरता येत नाही. पलीकडे उचलणारा माणूस कन्नड बोलेल की मराठी, त्याला "पाटण्याचा फाटा" किंवा "दुसरं मोठं वळण" समजेल का, हाही प्रश्नच.

रुग्णालयाची गोष्टही तशीच. चंदगडचा माणूस सोयीप्रमाणे बेळगाव किंवा गडहिंग्लज गाठतो, दोडामार्गचा माणूस गोव्यात बांबोळीला जातो. लोकांनी राज्याच्या रेषा केव्हाच ओलांडल्यात. कागदपत्रं मात्र अजून अलीकडेच थांबलेली असतात. म्हणून स्पर्धा एकाच राज्याच्या हद्दीत होत असली, तरी शेजारच्या राज्यातल्या जवळच्या रुग्णालयाला आधी लेखी कळवणं आणि धावपटूच्या नंबरच्या पट्टीवर आयोजकांच्या नियंत्रण कक्षाचा थेट क्रमांक छापणं, ही किमान गरज आहे. सूचनाही मराठी आणि कन्नड, गोव्याकडे मराठी आणि कोकणी, अशा दोन्ही भाषांत हव्यात. भाषेचा वाद न्यायालयात आणि रस्त्यावर चालू राहील. मात्र "पुढे तीव्र उतार, सावकाश" हे वाक्य प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट बोलायला कडू आहे. अनेक ठिकाणी स्पर्धेच्या बंदोबस्तासाठी सरकारी रुग्णवाहिका मागून घेतली जाते. ती त्या सकाळी चार तास मार्गावर उभी राहते. त्या चार तासांत वाडीवरच्या बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्या शेतकऱ्याला ती मिळत नाही. भीमगड अभयारण्यातल्या आमगावातून एका आजारी महिलेला लाकडी स्ट्रेचरवरून, भर पावसात, जंगलवाटेने कित्येक किलोमीटर खांद्यावर आणावं लागल्याची बातमी २०२४ च्या पावसाळ्यात आली होती. अशा तालुक्यात हौशी धावपटूंसाठी गावाच्या हक्काची गाडी अडवून ठेवणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. रुग्णवाहिका आयोजकांनी पैसे मोजून आणाव्यात, आणि त्या मिळतील तेवढेच धावपटू घ्यावेत.

गान्सूचा धडा

चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ जण उतरले होते. दुपारी अचानक गारा, थंडगार पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला. धावपटूंच्या अंगावर पातळ कपडे होते, डोंगरावरच्या टप्प्यात वाहन पोचत नव्हतं. २१ जण गारठून मेले. त्यांत देशातले नावाजलेले धावपटूही होते. पुढच्याच महिन्यात चीन सरकारने अशा डोंगरी आणि लांब पल्ल्याच्या स्पर्धा सरसकट थांबवल्या.

आपल्या घाटात तसली थंडी पडत नाही, आणि २१ किलोमीटरची तुलना १०० शी होत नाही, हे खरं. तरी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, धावपटूंची संख्या लहान असली म्हणजे स्पर्धा आपोआप सुरक्षित होत नाही. संख्या आणि मदत यांचं प्रमाण बघावं लागतं. दुसरी, त्या दिवशी सहा धावपटूंचा जीव वाचवला तो एका मेंढपाळाने. वादळात तो डोंगरातल्या गुहेत थांबला होता, त्याने शेकोटी पेटवली आणि गारठलेल्यांना आत आणलं. डोंगर ज्याच्या पायाखालचा होता, तोच वेळेला उपयोगी पडला.

गाव प्रेक्षक की भागीदार?

घाटात राहणाऱ्यांना अनेक गोष्टी आयोजकांपेक्षा नीट माहीत असतात. कुठल्या वळणावर पहाटे गवे रस्ता ओलांडतात, चंदगड-आजरा-दोडामार्गाच्या बाजूला हत्ती सध्या कुठे आहे, कुठल्या ओढ्यावरच्या शेवाळाने दुचाकी घसरतात, ऊसतोड सुरू झाली की दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर किती वाजता निघतात, दुधाची गाडी आणि मुक्कामाची एसटी कधी सुटते. मार्ग आखायच्या बैठकीला हेच लोक नसतात. त्यांना स्पर्धेच्या दिवशी सकाळी रस्ता बंद झाल्यावर कळतं. मग दूध नासतं, बाजाराला निघालेली बाई दोन तास फाट्यावर ताटकळते, आणि पुढच्या वर्षी गाव सहकार्य करत नाही, अशी तक्रार आयोजक करतात.

वनखात्याचंही तसंच. भीमगड, म्हादई ही अभयारण्यं, तिलारीचं संवर्धन राखीव क्षेत्र हे सगळं याच पट्ट्यात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. डांबरी रस्ता आहे म्हणून पहाटे ध्वनिक्षेपक लावून हजार माणसं सोडता येत नाहीत.

कचऱ्याचं गणित साधं आहे. पाचशे धावपटू, दर अडीच किलोमीटरला पाणी धरलं तर मार्गात आठ ठिकाणं. प्रत्येकाने प्रत्येक ठिकाणी एक कागदी पेला घेतला तरी चार हजार पेले, आणि वाऱ्याने त्यातले बरेच दरीत. धावपटूने स्वतःचा पेला किंवा बाटली आणावी आणि गावातल्या बचत गटाने पिंपातून पाणी द्यावं, एवढ्याने हा प्रश्न निम्म्याहून जास्त सुटतो. त्या कामाचे पैसे मात्र बचत गटाला मिळाले पाहिजेत. गावाचं काम "सेवा" आणि शहरातल्या इव्हेंटवाल्याचं काम "व्यवसाय", ही वाटणी बरी नव्हे.

भरतीची पोरं आणि हजाराची फी

सीमाभागातल्या खेड्यात धावणं नवं नाही. पहाटे चारला रस्त्याच्या कडेने पळणारी पोरंपोरी कुठल्याही गावात दिसतात. पोलिस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. सैन्यभरतीचा ओढा तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे पिढ्यान्‌पिढ्यांचा. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आदिवासी पाड्यातून पुढे आली. घाटमाथ्यावरची मुलं पळू शकतात, हे सिद्ध करायची गरज उरलेली नाही.

पण हजार-दीड हजार रुपयांची नोंदणी फी ही मुलं भरू शकत नाहीत. फी माफ केली तरी अर्ज फक्त ऑनलाइन आणि इंग्रजीत असतो. मग स्पर्धा गावात, धावणारे शहरातले आणि गावातली मुलं टाळ्या वाजवायला, असं चित्र तयार होतं. बारामतीच्या स्पर्धेत साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या, त्या नवऱ्याच्या तपासणीचे पैसे उभे करायला. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला. त्या गोष्टीचं कौतुक सगळ्यांनी केलं. मात्र गावातल्या माणसासाठी बक्षिसाची रक्कम म्हणजे काय असते, हे त्यातून कळायला हवं होतं. पंचक्रोशीतल्या धावपटूंसाठी राखीव जागा, मोफत नोंदणी आणि वेगळं बक्षीस ठेवलं, तर स्पर्धा गावाची होते.

आकडा कसा ठरवायचा

हे सगळं एकत्र मांडलं तर एक साधी रीत हाती लागते. आधी रुग्णवाहिका मोजाव्यात. जायचं-यायचं २१ किलोमीटरचं अंतर असेल, तर मार्गावर किमान दोन आणि राखीव एक. एक गाडी रुग्णाला घेऊन खाली गेली की ती तास-दीड तास परत येत नाही. राखीव गाडीही गेली, तर पुढचे धावपटू थांबवायचे, हा नियम आधीच जाहीर करावा. मग रस्ता किती वेळ बंद ठेवता येईल, ते गावाला विचारावं. साडेतीन तासांची मुदत दिली तरी शेवटचा माणूस ताशी सहा किलोमीटरने चालत पोचतो, एवढं लक्षात ठेवावं. मग वळणावळणाला उभे राहतील असे, छाती दाबण्याचं प्रशिक्षण घेतलेले गावातले किती तरुण आहेत, ते पाहावं. जितके धावपटू सोडले तितके परत आले का, हे नंबरनुसार मोजावं. शेवटचा नंबर मिळेपर्यंत मंडप काढू नये.

या चार गोष्टींनी जो आकडा येईल, तो कदाचित तीनशे असेल. प्रायोजकाला तो लहान वाटेल, फलकावर शोभणार नाही. पण तीनशे जणांची स्पर्धा दहा वर्षं टिकली तर गावातल्या खाणावळीला, बचत गटाला आणि भरतीच्या पोरांना दहा वर्षं काहीतरी मिळत राहील. दोन हजारांची स्पर्धा एका अपघाताने बंद पडली, तर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घाटांत पुढे कुणालाच परवानगी मिळणार नाही. या हंगामात फलक लावण्याआधी आयोजकांनी गावच्या चावडीवर एक बैठक घ्यावी आणि आकडा तिथेच ठरवावा.