लस कोणाच्या मालकीची?

२०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागात गोवराची साथ पसरली आणि तीत अनेक बालके दगावली. गोवर हा काही नवा किंवा अनाकलनीय रोग नव्हे. त्यावरची लस १९६३ पासून जगाला ठाऊक आहे. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती १९८५ पासून समाविष्ट आहे आणि तिची किंमत इतकी अल्प आहे की कोणत्याही अर्थसंकल्पाला तिचा भार जाणवू नये. तरीही देशाच्या आर्थिक राजधानीत, नामवंत रुग्णालयांपासून काही मैलांवर, मुले गोवराने मेली. त्या वेळी झालेल्या चर्चेचा रोख बऱ्याच अंशी आयांच्या अज्ञानावर होता. अज्ञान नव्हतेच असे कोणी म्हणणार नाही. परंतु करोनाच्या काळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले होते, रोजगारासाठी ये-जा करणारी कुटुंबे नोंदवहीतून निसटत होती आणि कुपोषण हे तर त्या वस्त्यांतील जुने बिऱ्हाडकरू. सगळा दोष आईच्या पदरात टाकला की शासन आणि बाजार दोघेही नामानिराळे राहतात.

सार्वजनिक हिताच्या वस्तूचा दाखला म्हणून अर्थशास्त्रात नेहमी दीपगृहाचे नाव घेतले जाते. लस हे त्याहूनही बोलके उदाहरण आहे. छत्री विकत घेणारा स्वतः भिजत नाही, पण त्यामुळे शेजारी कोरडा राहत नाही. लस टोचलेले मूल मात्र शेजारच्या, अद्याप लशीचे वय न झालेल्या तान्ह्या बाळाचेही रक्षण करते. गोवराची साथ थोपवायची तर शंभरातील सुमारे ९५ मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १२ ते २३ महिने वयाच्या मुलांपैकी ७६.४ टक्के मुलांचेच लसीकरण पूर्ण झालेले आढळले. बाजाराला खिशातील पैशाने व्यक्त होणारी मागणी तेवढी कळते. उरलेल्या चौथ्या हिश्श्याची गरज त्याला ऐकू येत नाही. म्हणून ही वस्तू बाजाराच्या हवाली करता येत नाही.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. औषध कंपन्यांच्या नफेखोरीविरुद्ध झगडणाऱ्या पुरोगामी मंडळींपैकीही काही जण अलीकडे लशीकडेच संशयाने पाहू लागले आहेत. ही गल्लत महागात पडणारी आहे. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला तो लशीमुळे. भारतातील रानटी पोलिओचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला, त्यानंतर एकही नाही; हेही लशीचेच यश होय. लशीच्या व्यापाराविषयीचा संशय आणि लशीविषयीचा संशय यांत विहिरीच्या मालकाशी भांडणे आणि पाणीच विषारी ठरवणे यांतला फरक आहे. पहिले भांडण न्यायाचे आहे. दुसऱ्याची किंमत पैसेवाल्यांपेक्षा गोरगरिबांच्या मुलांनाच अधिक मोजावी लागते.

तथापि विश्वास हा उपदेशाने निर्माण होत नसतो; त्यासाठी व्यवहार उघडा लागतो. याचा धडा परळच्या संस्थेच्या इतिहासातच आहे. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी पुरावा चव्हाट्यावर मांडला, तेव्हा दोष प्रयोगशाळेतील निर्मितीचा नसून गावात बाटली उघडताना झालेल्या निष्काळजीपणाचा होता हे दिसून आले, आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. लपवाछपवीने लस वाचली नाही. ती वाचली खुल्या चिकित्सेने.

आजच्या संशोधनालाही हीच कसोटी लावली पाहिजे. अतिसाराला कारण होणाऱ्या रोटा विषाणूवरील भारतीय लशीचा मूळ विषाणू दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८५-८६ च्या सुमारास नवजात बालकांत सापडला. म्हणजे ज्ञानाचा उगम सरकारी रुग्णालयात झाला. ती घडवण्यात सार्वजनिक पैसा लागला. अखेरच्या टप्प्याच्या चाचणीत दिल्ली, पुण्याजवळील वढू परिसर आणि वेल्लोर येथील ६,७९९ अर्भके सहभागी झाली. लस तयार केली हैदराबादच्या खासगी कंपनीने. परंतु मात्रेमागे सुमारे एक डॉलर हा दर आधीच ठरून गेला होता. २०१६ पासून ती सार्वत्रिक कार्यक्रमात येऊ लागली. शासनाने उद्दिष्ट आणि दर आपल्या हाती ठेवले तर खासगी उद्योगालाही लोकहिताच्या कामाला जुंपता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पण ज्यांच्या लेकरांच्या शरीरावर हे ज्ञान उभे राहते त्यांना त्या चाचण्यांचे निष्कर्ष समजण्याचा हक्क नको काय? मुलांसाठी मान्य झालेल्या करोना लशींच्या चाचण्यांचे प्रमुख निष्कर्ष जाहीर करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाला २ मे २०२२ रोजी सांगावे लागले. जी गोष्ट शासनाने आपणहून करावयाची ती न्यायालयाच्या दारी जाऊन मिळवावी लागते, यातच सारे आले.

लशीच्या उत्पादनाची कथा तर अधिक खेदजनक आहे. कसौली, कुन्नूर आणि गिंडी येथील तीन सरकारी संस्था अनेक दशके बालकांच्या लशी पुरवीत होत्या. जानेवारी २००८ मध्ये उत्पादनाच्या विहित दर्जाची पूर्तता होत नाही या कारणास्तव त्यांचे परवाने स्थगित करण्यात आले. दर्जाबाबत उणिवा होत्या हे नाकारण्यात अर्थ नाही. मुलाला टोचावयाच्या लशीत तडजोड नसावीच. परंतु वर्षानुवर्षे यंत्रसामग्रीसाठी पैसा न देता आजारी पाडलेल्या संस्थेवर उपचार करावयाचे की तिचा गळा आवळावयाचा? राज्याराज्यांत लशींचा तुटवडा पडला. संसदेत आणि न्यायालयात प्रश्न गेला, जाविद चौधरी समिती नेमली गेली आणि २०१० मध्ये स्थगिती उठली. मधल्या काळात खासगी पुरवठादारांवरील अवलंबन मात्र वाढून गेले. सरकारी कारखाना हा केवळ उत्पादक नसतो. लशीचा खरा उत्पादनखर्च किती हे जाणणारा तो शासनाचा स्वतःचा काटा असतो. हा काटा मोडल्यावर समोरचा सांगेल ते वजन मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते.

आणि लस बाटलीतून दंडापर्यंत पोहोचते ती माणसाच्या हातून. ऊन-पावसात वस्ती-वाड्या धुंडाळणाऱ्या आशा कार्यकर्तीला शासन आजही कामगार मानीत नाही. तिला स्वयंसेविका म्हणून मानधनावर राबवते. आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे अभिवचन २०१७ च्या धोरणाने दिले होते. ते पाळले गेले नाही. लशीवर खर्च केलेला आणि ती पोहोचवणाऱ्या हातावर न केलेला पैसा म्हणजे कालवा खणून पाट न काढण्यासारखे होय.

मागण्या तीनच आहेत आणि त्या माफक आहेत. बालकांच्या प्रत्येक लशीच्या चाचणीचे निष्कर्ष आणि दुष्परिणामांची चौकशी लोकांपुढे यावी. प्रत्येक मूलभूत लशीच्या उत्पादनाची क्षमता सार्वजनिक क्षेत्रात राखली जावी. आणि लसीकरण करणाऱ्या स्त्रियांना कायम नोकरी व पूर्ण वेतन मिळावे. गोवंडीतील आई बाळाला मांडीवर घेऊन "या सुईत काय आहे?" असे विचारते, तेव्हा ती अज्ञानी नसते, ती नागरिक असते. तिला उत्तर देण्यास शासन बांधलेले आहे. लशीवर तिची मालकी शासनाने मान्य केली तर लस नाकारण्याचे कारण तिला उरणार नाही.