फळ, भित्तिचित्र आणि प्रयोगशाळा

कलावस्तूंच्या जतनात प्रयोगशाळेचा प्रवेश झाला की साहित्य-कलांच्या अभ्यासकांत दोन टोकांच्या भूमिका दिसतात. काहींना विज्ञान परके वाटते. काही सर्व निर्णय त्याच्या हाती सोपवून मोकळे होतात. वस्तुतः दोन्ही भूमिका सारख्याच सदोष आहेत. इंग्लंडमधील ताज्या फळांची साठवण आणि तेथील चर्चमधील प्राचीन भित्तिचित्रांचे जतन, या वरवर असंबद्ध वाटणाऱ्या दोन विषयांचा इतिहास शेजारी ठेवून पाहिला तर हे ध्यानात येते.

तोडलेले फळ निर्जीव नसते. त्याचे श्वसन चालूच असते. फळे प्राणवायू घेतात, कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात आणि प्राणवायूवाचून त्यांचे पिकणे खोळंबते, हे फ्रान्समधील जाक बेरार यांनी १८२१ साली मांडले. शतकभराने केंब्रिज येथे फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी या तत्त्वाला व्यवहाराची जोड दिली. ‘ब्रॅमली’सारखी सफरचंदे फार थंडीत आतून तपकिरी पडतात; तेव्हा केवळ शीतगृह पुरेसे नव्हते. त्यांनी कोठारातील हवाच बदलली : प्राणवायू कमी, कार्बन डाय-ऑक्साइड अधिक आणि थंडी बेताची. १९२९ साली कँटरबरीजवळ या पद्धतीचे इंग्लंडमधील पहिले व्यापारी कोठार उभे राहिले. येथे फळावर काही लादले गेले नाही; त्याच्या भोवतालाचे नियमन झाले. उलट, फळावर मेणाचा थर प्रमाणाबाहेर जाड झाला तर फळ गुदमरते आणि त्याची चव बिघडते.

भित्तिचित्रांच्या बाबतीत नेमकी हीच चूक घडली. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात चुन्याखाली झाकली गेलेली चर्चमधील बहुसंख्य चित्रे एकोणिसाव्या शतकापासून पुन्हा उघडी होऊ लागली. या चित्रांचे थोर अभ्यासक अर्नेस्ट ट्रिस्ट्रॅम यांनी, रंग टिकावेत आणि उजळावेत या सद्हेतूनेच, अनेक ठिकाणी त्यांवर मेणाचा लेप दिला. परंतु दगड-चुन्याच्या भिंतीतून ओल सतत बाहेर पडत असते. मेणाने तिची वाट अडवली. क्षार रंगाच्या थरामागे साठून स्फटिकरूप झाले आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागले. मेणावर धूळ बसून चित्रेही काळवंडली. पुढील पिढीतील जतनकारांचे कित्येक श्रम हा लेप काढण्यातच खर्ची पडले.

क्षारांचे वर्तन प्रयोगशाळेनेच उलगडले. साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर विरघळते, खाली स्फटिक बनते. प्रार्थनेपुरते चर्च तापवले आणि पुन्हा थंड होऊ दिले की हे चक्र फिरत राहते आणि प्रत्येक फेऱ्यात रंग थोडा सैल होतो. कँटरबरी कॅथीड्रलमधील सेंट गॅब्रिएल चॅपेलची बाराव्या शतकातील चित्रे मात्र भिंतीआड बंद राहिल्याने शतकानुशतके उत्तम टिकली. त्यांना कोणाचा लेप लाभला नव्हता. लाभला तो स्थिर भोवताल.

भारतीय अभ्यासकाला ही कथा दूरची वाटू नये. निजामांच्या निमंत्रणावरून आलेल्या लोरेंझो चेक्कोनी यांनी १९२० ते १९२२ या काळात अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचे रोगण वापरले. सुटणारे रंग त्यामुळे तेव्हा सावरले, हे नाकारता येत नाही. परंतु कालांतराने तेच रोगण पिवळे पडले आणि ते काढणे हेच एक कार्य होऊन बसले. पापुद्रा गळून पडत असताना तत्काळ उपाय करावाच लागतो. तथापि तो मागे घेता येईल असा असावा आणि ओलीचे मूळ शोधण्याऐवजी योजलेला नसावा.

या दोन्ही विषयांतील निरीक्षण भाषेने पूर्वीच साठवून ठेवले आहे. मराठीत आंब्याची ‘आढी’ घालतात. पेंढ्यात फळांचाच एथिलीन वायू कोंडून ती पिकतात, हे कारण विज्ञानाने दिले. भिंतीला ‘लोणा’ लागतो. त्यामागील ओलीचा आणि क्षारांचा प्रवासही विज्ञानानेच दाखवला. शब्दाने जे पाहिले, त्याचे प्रमाण प्रयोगशाळा सांगते; परंतु चित्रातील कोणता काळा डाग मूळचा, कोणता काजळीचा आणि कोणती रेषा नंतरच्या हाताची, हे ठरविण्यास चित्राचा, त्यातील कथेचा आणि परंपरेचा जाणकारच हवा. म्हणून भित्तिचित्राला लेप देण्याचा निर्णय एकट्या रसायनज्ञाचा नसावा, तसा एकट्या कलेतिहासकाराचाही नसावा. ट्रिस्ट्रॅम यांच्या ठायी चित्रप्रेम उणे नव्हते; उणे होते ते भिंतीचे ज्ञान. त्या उणिवेची किंमत मात्र चित्रांनी मोजली, आणि गळून पडलेला रंग कोणत्याही विद्येला परत आणता येत नाही.