‘दाउ’ म्हणजे ‘आपण’ नव्हे

इंग्रजीतला ‘दाउ’ हा जुना शब्द भारदस्त आणि आदरार्थी आहे, असा समज खुद्द इंग्रजी भाषकांतही रूढ आहे. प्रार्थनेत देवाला ‘दाउ’ म्हणतात, जुन्या नाटकांतले राजे ‘दाउ’ म्हणतात, तेव्हा तो ‘आपण’सारखा असणार, असा त्यामागचा तर्क. तो साफ उलटा आहे. ‘दाउ’ म्हणजे एकेरी ‘तू’. आदराचा, निदान अंतर राखण्याचा शब्द होता तो आज सरसकट चालणारा ‘यू’. मुळात ‘यू’ अनेकवचनाचे रूप. १३व्या शतकापासून, फ्रेंच रीतीच्या प्रभावाने, एकट्या वरिष्ठालाही अनेकवचनाने संबोधण्याची चाल पडली आणि ‘दाउ’ उरला तो मुलांसाठी, नोकरांसाठी, जिवलगांसाठी आणि ज्याचा पाणउतारा करायचा त्याच्यासाठी.

याचा सर्वांत बोलका पुरावा न्यायालयातला आहे. १६०३ मध्ये विंचेस्टरला सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारपक्षाचा एडवर्ड कोक भर न्यायालयात एकेरीवर आला आणि आपण मुद्दाम एकेरीवर येत आहोत, हेही त्याने रॅलेला सुनावले. त्यासाठी त्याने ‘दाउ’चेच क्रियापद केले, अगदी आपल्या ‘अरेतुरे करणे’सारखे. आदराचा शब्द असा शिवीसारखा फेकता येत नाही. पुढे त्याच शतकात जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी उच्चनीच न मानता न्यायाधीशालाही ‘दाउ’ म्हणू लागले, कुणापुढे टोपी काढेनासे झाले, आणि लोक खवळले. टॉमस एलवुड या तरुण क्वेकराने आत्मचरित्रात घरचीच हकिगत लिहून ठेवली आहे. टोपी डोक्यावर ठेवली म्हणून वडिलांनी त्याला मारले आणि पुन्हा ‘दाउ’ म्हणालास तर दात घशात घालीन, असा दम भरला. बापाला सन्मानाने हाक मारणाऱ्या मुलाच्या वाट्याला हे कशाला येईल?

मग देवाला ‘दाउ’ का, हा आक्षेप रास्त आहे. पण उत्तर अवघड नाही. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘दाउ’ आला तो एकवचन म्हणून. मूळ हिब्रू आणि ग्रीकमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे होते, तो भेद भाषांतरकारांनी राखला. म्हणूनच त्या ग्रंथात सैतान येशूला ‘दाउ’ म्हणतो आणि येशू सैतानालाही. पुढे हा शब्द रोजच्या बोलण्यातून गेला, प्रार्थनेत तेवढा टिकला, आणि पावित्र्याचा रंग त्यावर नंतर चढला. तो इतका गडद झाला, की १९५२च्या सुधारित बायबलमध्ये माणसांसाठी ‘यू’ आणि देवाला उद्देशून मात्र ‘दाउ’ अशी नवीच वाटणी झाली. विठोबाला ‘तू’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला तरी हे कोडे पडू नये. जवळिकीचा एकेरी आणि अपमानाचा एकेरी हा एकच शब्द असतो, हे आपण रोज अनुभवतो.

यावर कोणी म्हणेल, अर्थ वापरावर ठरतो. आज लोकांना ‘दाउ’ गंभीर आणि आदराचा वाटतो, तर तोच त्याचा अर्थ. आजच्या प्रार्थनेपुरते मला हे मान्य आहे. पण आजचा अर्थ चारशे वर्षांपूर्वीच्या पानावर लादला, तर तिथे घडलेले दिसेनासे होते. ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकात राणी गर्ट्रूड मुलाला आईच्या हक्काने ‘दाउ’ म्हणून दटावते, त्याने बापाला दुखावले म्हणून. हॅम्लेट जवळजवळ तेच वाक्य उलटवतो, पण ‘यू’ घालून. तो तिला परक्यासारखा ‘तुम्ही’ म्हणतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात राणीही ‘दाउ’ सोडून ‘यू’वर येते. मायलेकांतले नाते दोन ओळींत तुटते, ते केवळ सर्वनामांतून. ‘दाउ’ला आदरार्थी समजणारा वाचक हा प्रसंग नेमका उलटा वाचतो: त्याला आई अदबीने बोलताना दिसते आणि मुलगा सलगीने.