मुदत फक्त दुबळ्यालाच?

केंद्रीय नागरी सेवेतील कर्मचाऱ्यावर भेदभावाने, आकसापोटी शिक्षा लादली गेली, तर १९६५ च्या नियमांनुसार आदेशाची प्रत हाती पडल्यापासून ४५ दिवसांत त्याने अपील केलेच पाहिजे. उशीर झाल्यास सबळ कारण दाखविण्याचे ओझेही त्याच्याच माथी! आणि अपिलाची फाईल दाबून बसणाऱ्या अधिकाऱ्याचे काय? सहा महिने निर्णय झाला नाही, तर १९८५ चा प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा एवढेच सांगतो, की कर्मचाऱ्याने न्यायाधिकरणाकडे जावे. तेही पुढील एका वर्षाच्या आत. अन्याय करणारा निवांत, सोसणारा मात्र घड्याळाला बांधलेला!

भोळा कर्मचारी अर्जामागून अर्ज करीत राहतो, साहेब ‘पाहू’ म्हणतात आणि दिवस सरतात. अशा वारंवारच्या अर्जांनी मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे.

मुदती हव्यातच, शिळी प्रकरणे उकरीत बसल्यास प्रशासन चालणार नाही. परंतु शिस्त दोहों बाजूंना हवी. प्रत्येक आदेशावर अपील कोणाकडे व कोणत्या तारखेपर्यंत करावयाचे, हे ठळकपणे नमूद व्हावे. फाईल अडविणाऱ्याकडून लेखी जाब घेतला जावा. न्याय मागणाऱ्याचा उशीर अक्षम्य असेल, तर देणाऱ्याचा क्षम्य कसा?