बेकारीचा पुरावा

बँकेतल्या नोकरीत माझ्या हातून घडलेली एक गोष्ट अजून मनातून जात नाही. १९८८ च्या पावसाळ्यात मी परळच्या शाखेत काउंटरवर होतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप रीतसर मागे घेतला गेलाच नव्हता. तो नुसता विरून गेला होता. साचेखात्यात उमेद घालवलेले सातारकडचे एक गृहस्थ गिरणीकडून सुटलेल्या रकमेचा चेक घेऊन आले. मस्टरवर त्यांच्या आडनावाच्या जागी गावाचे नाव पडले होते. आमच्या पासबुकात खरे आडनाव. मी चेक परत केला. म्हटले, "मामा, दोन्ही नावांचा माणूस एकच, असा गिरणीचा दाखला आणा."

ते शांतपणे म्हणाले, "साहेब, गिरणीला कुलूप हाय. दाखला कुनाकडनं आणू? वॉचमनकडनं?"

नियमाने मी बरोबर होतो. पण बेकाराला मिळणाऱ्या मदतीचे सगळे दुखणे त्या प्रश्नात होते. जिथून काम सुटले, तिथूनच कागद आणायचा!

आपल्याकडे अशी मदत नाहीच, हा समज पूर्ण खरा नाही. १९८६ मध्ये केंद्र सरकारने वस्त्रोद्योग कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना आणली. गिरणी कायमची बंद झाली तर पात्र कामगाराला पहिल्या वर्षी मजुरीच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत. कल्पना उत्तम. पण गिरणी बंद आहे हे सरकारदरबारी ठरावे लागे. भोंगा थांबला, धुराडे थंड पडले, हा पुरावा नव्हे.

पुढे कर्मचारी राज्य विमा योजनेत २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या मिळकतीच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तेही आयुष्यात एकदाच. त्यासाठी आधी ९० दिवस थांबायचे आणि अर्ज शेवटच्या मालकामार्फत पाठवायचा. २०२० च्या करोनाकाळात मदत ५० टक्के झाली, थांबण्याची मुदत ३० दिवसांवर आली, अर्ज थेट शाखेत देता येऊ लागला. त्याच वर्षी शपथपत्राची अटही गेली. मालकाच्या मध्यस्थीवाचून अडत नाही, हे उमगायला महामारी यावी लागली.

तरी कागदाचा फेरा सुटत नाही. आमच्या चाळीतला एक मुलगा जुन्या गिरणीच्या जागेवरच्या मॉलमध्ये कामाला होता. टाळेबंदीत दुकान गेले. मालकाने नोंदीत त्याची जन्मतारीख चुकवली होती. आधार कार्डाशी मेळ बसेना. दुरुस्तीसाठी मालकाचा कागद हवा आणि मालक फोन उचलेना. मला मामांची आठवण झाली. तीसेक वर्षांत वॉचमनसुद्धा बदलले, प्रश्न तोच.

खोटे अर्ज येतात, तपासणी हवीच. हे मी बँकेत जन्म काढून सांगतो. पण ती कोणी करायची? कर्जाचा हप्ता चुकला की आम्ही कर्जदाराला पत्र धाडत असू. विम्याची वर्गणी मालक दरमहा भरतो. ती थांबली, याची पहिली खबर वर्गणी घेणाऱ्या कचेरीच्या वहीलाच लागते. मग कचेरीनेच कामगाराला विचारावे, "बाबा, काम सुटले का?" सुटले असेल तर मदत द्यावी, सुटले नसेल तर मालकाला जाब विचारावा. बेकाराने वणवण करायचे कारण काय?

मामा दिवाळीनंतर पुन्हा आले. सोबत त्यांच्याच खात्यातले दोन सोबती होते. दोघांची खाती आमच्याच शाखेत. त्यांनी ओळख दिली, सह्या केल्या आणि मॅनेजरसाहेबांनी पाच मिनिटांत चेक जमा करून घेतला.

ही पाच मिनिटे पावसाळ्यात माझ्याकडेही होती. मी ती दिली नाहीत.