ऑर्डर चुकली म्हणजे शिस्त नाही, असं नेहमीच नसतं



"पाचला उठा, बारा तास द्या, धंदा उभा राहतोच." हे मी किती व्हिडिओंमध्ये बोललोय, मोजलेलं नाही. आज त्यातलं थोडं मागे घेतोय.

माझ्या बॅचमध्ये मसाल्यांचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या एक ताई होत्या. लागोपाठ तीन ऑर्डर उशिरा गेल्या, म्हणून मी सगळ्यांसमोर त्यांना शिस्तीचं लेक्चर दिलं. नंतर त्या बाजूला येऊन म्हणाल्या, "सर, मला एमएस आहे. त्या आठवड्यात उजव्या हातात काय धरलंय तेच कळत नव्हतं." मला काय बोलावं सुचेना.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचं आवरण खराब करते. वायरवरचं प्लास्टिक सोलल्यासारखं समजा. मग नजर अंधुक होते, मुंग्या येतात, तोल जातो. आणि थकवा, जो बाहेरून दिसत नाही! बहुतेकदा सुरुवात २० ते ४० या वयात होते, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. म्हणजे नेमकं धंदा उभा करायचं वय.

तुम्हाला हा आजार असेल तर एक फरक पक्का लक्षात ठेवा. ताप किंवा इन्फेक्शन नसताना नवा त्रास सुरू झाला, किंवा जुना वाढला, आणि तो २४ तासांहून जास्त टिकला, तर तो खरा झटका असू शकतो. न्यूरोलॉजिस्टना लगेच फोन करा, "हा माल पाठवते आणि मग बघते" नको. पण भट्टीसमोर उभं राहिल्यावर नजर धूसर झाली आणि गार जागी बसल्यावर सुधारली, तर तो बहुधा उष्णतेचा परिणाम. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच श्रमानंतर नजर अशी तात्पुरती धूसर होणं नोंदवलंय. ताईंनी मिरची भाजायचं काम पहाटेवर नेलं. (माझं पाचचं वाक्य तेवढ्यापुरतं कामाला आलं म्हणायचं.) आणि बरं वाटतंय म्हणून औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. झटके कमी व्हावेत म्हणूनच तर ते दिलेलं असतं.

आता धंद्याचं. माझं स्पष्ट मत आहे, मालक आठवडाभर आडवा झाला की बंद पडतो तो धंदा नाही, ती मजुरी आहे. हे धडधाकट माणसालाही लागू आहे, एमएसवाल्याला फक्त आधी कळतं. मसाल्याचं प्रमाण वजनात लिहून ठेवा, डोक्यात नको. निदान एका माणसाला खरेदी, पॅकिंग आणि हिशोब येऊ द्या. दिवाळीच्या ऑर्डरला आकडा ठरवा आणि त्यापुढे सरळ नाही म्हणा. सुट्टीचे दिवस खर्चात धरूनच भाव काढा.

गिऱ्हाईकाला आजार सांगायची गरज नाही. हाताखालच्या माणसाला मात्र सांगा, नाहीतर तो तुम्हाला आळशी समजेल, जसं मी समजलो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये एमएस आहे. बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करायला लाजू नका.

ताईंच्या दरपत्रकावर आता ठळक लिहिलंय, "ऑर्डर ८ दिवस आधी." गिऱ्हाईक कुरकुरतं, पण थांबतं. मीही गोडा मसाला सांगितलाय, पुढच्या बुधवारी मिळेल.