पदकाआधीचे पाणी

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर बटरफ्लाय ही शर्यत प्रथमच होणार आहे, आणि ही वार्ता वाचताना ज्या मराठी माणसाला कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे स्मरण झाले नसेल, त्याला आपल्या क्रीडा-इतिहासातील एका उज्ज्वल पानाचा विसर पडला असेच म्हणावे लागेल. नोव्हेंबर २०१० मध्ये ग्वांगझू येथील आशियाई क्रीडास्पर्धेत याच शर्यतीत त्यांनी २४.३१ सेकंदांची वेळ नोंदवून कांस्यपदक मिळवले. १९८६ साली सोल येथे खजान सिंग यांनी दोनशे मीटर बटरफ्लायमध्ये रौप्यपदक जिंकल्यानंतर तब्बल चोवीस वर्षे या स्पर्धेच्या जलतरणात भारताच्या पदरी काहीही पडले नव्हते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या कांस्याचे मोल कळते.

जलतरणाच्या चारही प्रकारांत बटरफ्लायसारखी देहाची कठोर परीक्षा दुसरा कोणताच प्रकार घेत नाही. दोन्ही हात एकाच वेळी पाण्यावरून पुढे फेकायचे, दोन्ही पाय जोडीनेच हाणायचे, आणि अखेरीस भिंतीला दोन्ही हात एकाच क्षणी टेकवायचे. यात कसूर झाली की जलतरणपटू बाद. भिंत समीप आली असता देह तसाच ताणून सरकू द्यावा की आणखी एक तोकडा हात मारावा, याचा निर्णय करण्यास विचाराइतकाही अवकाश नसतो. तो निर्णय वर्षानुवर्षांच्या सरावाने स्नायूंत मुरलेला असावा लागतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत सर्बियाचा मिलोराड चाविच सरकत भिंतीकडे गेला, मायकेल फेल्प्सने मात्र आणखी अर्धा हात मारला, आणि सेकंदाच्या एक शतांशाने सुवर्णपदक फेल्प्सच्या गळ्यात पडले. त्याच ऑलिंपिकमध्ये सोळा वर्षांचे खाडे फ्रीस्टाइलच्या शर्यतींत उतरले होते. पुढे २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांचे कांस्यपदक हुकले, तेही नेमके एका शतांशाने.

ग्वांगझू आणि जकार्ता या दोन स्पर्धांच्या दरम्यान राज्य सरकारने त्यांना तहसीलदारपदी नेमले. गौरव यथोचित होता, त्याबद्दल तक्रार नाही; परंतु कचेरीची दफ्तरे सांभाळणाऱ्या माणसाने रोज पहाटे आणि सायंकाळी पाण्यात उतरायचे कधी, याचा विचार त्या हुकुमात कोठे दिसला नाही, आणि त्यांच्या सरावात दीर्घ खंड पडला. जकार्त्याचा तो शतांश कचेरीने हिरावला असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. तरीही पदकाआधी ज्याला उत्तम प्रशिक्षणासाठी घर सोडून बंगळुरूला निहार अमीन यांच्याकडे जावे लागले, त्याला पदकानंतर आपण पाण्याबाहेरची खुर्ची दिली, हा क्रम उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मी वऱ्हाडातून लिहितो आहे, जिथे पाणी हा आधी तहानेचा विषय आहे आणि मग खेळाचा. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूमीतील पाणीच खारे. अकोल्याची तहान काटेपूर्णेवर, तर अमरावतीची अप्पर वर्धा धरणावर. आमची मुले पोहायला शिकतात ती पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून, गावच्या विहिरीत. श्वास रोखणे आणि निर्भयता ती विहीर उत्तम शिकवते, पण बटरफ्लाय शिकवत नाही, कारण त्याला सरळ लांबी, मोजलेले अंतर आणि चूक तत्क्षणी दाखवणारा प्रशिक्षक लागतो. दुष्काळी मुलखात पोहण्याचा तलाव ही चैन आहे, हा आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो हेटाळण्याजोगा खचितच नाही. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल तलावात पंचवीस लाख लिटर पाणी मावते. मात्र हे पाणी रोज बदलावे लागत नाही. ते गाळून, शुद्ध करून पुनःपुन्हा वापरता येते, आणि वर छप्पर असेल तर वैशाखाच्या उन्हात उडून जाणाऱ्या पाण्याचीही पुष्कळ बचत होते.

शरीरसाधनेची परंपरा येथे नाही असे तर कोणीच म्हणणार नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. १९३६ च्या ऑलिंपिकच्या प्रसंगी त्याच्या पथकाने बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. ज्या गावाने मल्लखांब युरोपात नेला, त्या गावाच्या मुलामुलींनी पोहणे ही केवळ उन्हाळी सुट्टीतील करमणूक का समजावी? उन्हाळी शिबिरात मूल बुडायचे वाचते, हा लाभ मोठाच आहे. परंतु जलतरणपटू घडायला बारा महिने पाणी लागते, आणि पाऊस लागताच शिबिर संपले की जून ते मार्च या काळात मागचे सारे श्रम वाया जातात.

म्हणून पुढील अंदाजपत्रकात सरकारने अमरावती आणि अकोला येथे प्रत्येकी एका छप्पर असलेल्या, बारमाही तलावाची तरतूद करावी, आणि त्यावर हंगामी मानधनाचा नव्हे तर कायम पदाचा प्रशिक्षक नेमावा. त्याचबरोबर ज्या खेळाडूला सरकारी पद दिले जाईल, त्याचा सराव हीच त्याची नोकरी मानणारा हुकूम काढावा, म्हणजे सरावासाठी त्याला रजेचा अर्ज करावा लागणार नाही, आणि तो स्वतः निवृत्त होईपर्यंत हा हुकूम अबाधित राहावा.